चौदावा नंबर

२९ ऑगस्ट २०२५ च्या रात्री बाराला मी कुंभार पिंपळगावात, आमच्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून बसले होते. हातात फोन, एकाच कानात इअरफोन. गच्चीवर यायचं कारण रेंज; खाली ती लाइटसारखी येते नि जाते. दुसरा कान मोकळा ठेवला होता, कारण माय कधी हाक मारेल याचा नेम नव्हता. परवा महालक्ष्म्या यायच्या होत्या. मुखवटे चिंचेनं घासून झाले होते, कोठ्या पुसून कोपऱ्यात उभ्या होत्या आणि सगळ्या घराला तळणाचा वास होता.

भाऊ घरी नव्हता. बुधवारी, गणपती बसले त्याच दिवशी, अंतरवाली सराटीहून मुंबईला निघालेल्या गाड्यांमागे आमच्या गावच्याही गाड्या गेल्या. त्याच्या पिकअपमध्ये गाद्या, गॅसची टाकी, कांद्याचं पोतं, ठेच्याचे डबे आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी. २९ च्या सकाळी मुंबईत आझाद मैदानावर, मराठ्यांना ओबीसीतून आरक्षण मिळावं म्हणून, मनोज जरांगे यांचं उपोषण सुरू झालं होतं. टी पॉइंटवरची टपरी, जिथं रात्री अकरापर्यंत पोरं हटत नाहीत, ती नऊलाच बंद झालेली मी येताना पाहिली.

दादा, म्हणजे माझे वडील, बिडी ओढायला वर आले. मायला चुकवून बिडी ओढायची त्यांची जागा आणि माझी रेंजची जागा एकच.

“कोण कोण खेळायलंय?”

“हॅम्बर्ग आन् हॅम्बर्ग.”

“म्हंजी? एकाच गावचे दोन?”

“हो. एक मोठ्यांचा, एक आमचा.”

“मंग भांडण पक्कं,” असं म्हणून ते शेजारी बसले.

‘आमचा’ हा शब्द माझ्या तोंडून इतका सहज गेला की मलाच जरा हसू आलं. मी शाळेत खो-खो खेळलेली बाई. फुटबॉलला पाय लावला असेल तर तो रस्त्यात आडवा आला म्हणून. हा शब्द मला कुणी दिला, ते सांगायचं तर आधी माझी नोकरी सांगावी लागेल.

मी नर्स आहे. जीएनएम संभाजीनगरला केलं, मग जालन्यात एका खाजगी दवाखान्यात. कोविड तिथंच काढला. तेव्हा राज्याचे आरोग्यमंत्री आमच्याच घनसावंगी मतदारसंघाचे, राजेश टोपे. त्यामुळं गावाला वाटायचं की मला आतली माहिती असणार. मला फक्त एवढंच माहीत होतं की पीपीई किटमध्ये सहा तास पाणी पिता येत नाही. त्यातून बाहेर पडायचं म्हणून पुण्याला जर्मनचा क्लास लावला, बी-टूची परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झाले आणि २०२२ च्या ऑक्टोबरात हॅम्बर्गला उतरले. पहिलं वर्षभर मी नर्स नव्हतेच, मदतनीस होते. आपली पदविका तिथं मान्य करून घेण्यासाठी परीक्षा द्यावी लागते. ती होईपर्यंत सलाइन लावायला हात शिवशिवतात आणि ट्रे उचलावे लागतात.

आमचा वॉर्ड म्हाताऱ्यांचा. तिथंच ते भेटले. गोदीत वेल्डिंगचं काम करून निवृत्त झालेले, फुफ्फुसं निकामी होत आलेली, नाकात कायम ऑक्सिजनची नळी. मी त्यांना मनातल्या मनात ‘गोदीबाबा’ म्हणायचे. तोंडावर अर्थातच ‘हेर’ लावून आडनाव. वर्षातून तीन-चारदा भरती व्हायचे. दवाखान्याच्या गाऊनच्या आत एक तपकिरी टी-शर्ट घालायचे, इतका विटलेला की त्याचा मूळ रंग हाच होता की धुऊन झाला, ते कळू नये. एकदा ईसीजीसाठी तो वर करायला सांगितला तर म्हणाले, “काढणार नाही. गुंडाळ.”

टी-शर्टवर एक लांबलचक जर्मन शब्द होता. जर्मन लोक शब्दांचे डबे जोडून आगगाडी करतात, तसला. अर्थ असा की ‘जगज्जेत्यांना हरवणारे’. २००१ मध्ये बायर्न म्युनिकनं जगातल्या क्लबांचा कप जिंकला आणि ६ फेब्रुवारी २००२ ला याच बायर्नला गोदीबाबांच्या क्लबानं २-१ नं हरवलं. क्लबाचं नाव एफ. सी. सांक्ट पाउली. स्थापना १९१०, रंग तपकिरी-पांढरा, मैदान मिलर्नटोअर, गोदीच्या वर, दारूगुत्त्यांच्या नि नाचगाण्यांच्या वस्तीला लागून. विजयानंतर टी-शर्ट छापले, शहरभर खपले.

“मग त्या वर्षी कितवे आलात?” मी विचारलं.

“शेवटचे. अठरापैकी अठरावे. खाली उतरलो.” हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मला तेव्हा कळला नाही.

जर्मन लीगची रीत अशी की वरच्या गटातले तळाचे संघ दुसऱ्या वर्षी खालच्या गटात जातात आणि खालचे वर येतात. त्यामुळं आमच्यासारख्या क्लबाला कप वगैरेंचं स्वप्न पडत नाही. त्यांच्या आशेला एकच शब्द आहे, ‘क्लासेनएरहाल्ट’. वर्ग राखणं. आपल्याकडं नापास झालेल्याला त्याच वर्गात बसवतात. इथं त्याच वर्गात बसायला मिळालं की लोक रस्त्यावर नाचतात. हा शब्द माझ्या डोक्यात राहिला, कारण त्यातला ‘हाल्ट’ माझ्या रोजच्या कागदांवर होता. राहण्याला, मुक्कामाला ‘आउफएन्टहाल्ट’ म्हणतात. परदेशी लोकांच्या कार्यालयात पहाटे रांगेला उभं राहून मी त्याचाच परवाना मिळवत होते. म्हणजे बाबांना आणि मला साधारण एकच गोष्ट हवी होती.

ऑफसाइड मला वॉर्डातल्या मलप्पुरमच्या सिस्टरनं शिकवलं. केरळच्या पोरी फुटबॉलचं बाळकडू घेऊनच येतात. तिनं रात्रपाळीत औषधांच्या ट्रॉलीवर सलाइनच्या बाटल्या मांडल्या, कापसाचा बोळा चेंडू केला, आणि एक बाटली पुढं सरकवून म्हणाली, “हिला आता पास दिला तर शिट्टी.” मी विचारलं, का? म्हणाली, “फुकटचं उभं राहून खायचं नाही म्हणून.” याहून चांगली व्याख्या मी अजून वाचलेली नाही.

बाबांकडून मात्र खेळापेक्षा मैदानाच्या गोष्टी जास्त ऐकल्या. आठच्या गोळ्या दिल्या की ते सुरू व्हायचे. दोन वाक्यं, मग दम, मग दोन वाक्यं. ऐंशीच्या दशकात मिलर्नटोअरला फार माणसं यायची नाहीत. त्याच सुमाराला जर्मनीतल्या कितीतरी स्टेडियमांत हिटलरच्या वारसदारांची टोळकी पोरं गोळा करत फिरायची. इकडं गोदीजवळच्या हाफेनस्ट्रासे नावाच्या रस्त्यावरची रिकामी घरं ज्या तरुणांनी बळकावली होती, ते मैदानात येऊ लागले. कवटी आणि दोन हाडांचा चाच्यांचा झेंडा त्यांनीच आणला. तोच पुढं क्लबाची ओळख झाला. ‘बाबा, तुम्ही तेव्हा त्यांच्यात होता?’ असं मी मोठ्या अपेक्षेनं विचारलं.

“मी? मला ती लांब केसांची पोरं आवडायची नाहीत. वास यायचा त्यांचा.” थोडा दम खाऊन म्हणाले, “पण ती पावसातही यायची. आणि दुसरी जी होती, ती आमच्या कामावरच्या तुर्की माणसावर थुंकायची. मग मी ठरवलं, वास चालेल.”

१९९१ मध्ये क्लबानं मैदानात अतिउजव्या, वंशद्वेषी घोषणांना आणि झेंड्यांना बंदी घालणारा नियमच केला. जर्मनीत असा नियम करणारा तो पहिला क्लब मानतात. पुढं स्टँडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं गेलं की फॅसिस्टांना फुटबॉल नाही. त्याचा एक किस्सा बाबा दर भरतीला एकदा सांगायचे. २०१४ च्या मे महिन्यात जर्मनीचा राष्ट्रीय संघ या मैदानावर सरावाला आला. राजकारण नको, म्हणून त्यांच्या संघटनेनं वाक्याचा अर्धा भाग झाकला. नेमका ‘फॅसिस्टांना’ हा शब्द. उरलं काय, तर ‘फुटबॉल नाही’. आणि त्याखाली जगातला सगळ्यात भारी संघ फुटबॉल खेळतोय! नंतर माफी मागितली गेली. हे सांगून झालं की बाबा इतके हसायचे, की मला बोटाला क्लिप लावून ऑक्सिजन बघावा लागायचा.

आता जानेवारी २०२४.

त्या महिन्याच्या दहा तारखेला ‘करेक्टिव्ह’ नावाच्या शोधपत्रकारांच्या संस्थेनं बातमी दिली. आदल्या नोव्हेंबरात पोट्सडामजवळच्या एका हॉटेलात एक खाजगी बैठक झाली होती, अतिउजव्या ए. एफ. डी. पक्षाची काही माणसं, काही उद्योजक आणि ऑस्ट्रियाचा एक कडवा कार्यकर्ता तिथं जमले होते. विषय ‘रेमिग्रेशन’, बाहेरून आलेल्यांना परत घालवणं. पाचच दिवसांनी भाषातज्ज्ञांच्या मंडळानं ‘रेमिग्रेशन’ला २०२३ चा सर्वात वाईट शब्द ठरवलं. (वाईट शब्दाची दरवर्षी निवड करणारा देश मला तरी दुसरा माहीत नाही.)

आमच्या वॉर्डात त्याच आठवड्यात एका पेशंटनं मला हात लावू दिला नाही. रक्तदाबाचा पट्टा बांधायला गेले, तर हात झटकून म्हणाला, “राऊस.” म्हणजे बाहेर हो. आजारी माणूस, शुद्ध थोडी हललेली. जालन्यात याहून वाईट शिव्या मी खाल्ल्या होत्या आणि विसरले होते. ही विसरता येईना. माझ्या जागी आमची सगळ्यात अनुभवी सिस्टर गेली. जखम बांधायची तिथली पद्धत, रात्रीचे रिपोर्ट लिहिताना कुठं कोणतं क्रियापद लावायचं, हे सगळं जिनं मला हाताला धरून शिकवलं, ती. परत आल्यावर मला कॉफी करून दिली. आणि मग, अगदी मायेनं, म्हणाली की मी त्यांनाच मत देते बरं का, पण तुझ्याबद्दल नाही गं, तू तर काम करतेस.

मी कॉफी प्यायले. चांगली होती.

१९ तारखेला, शुक्रवारी, शहराच्या मध्यातल्या युंगफर्नश्टीगवर, तळ्याच्या काठी, सभा ठरली. कामगार संघटना, चर्च आणि शहरातले दोन्ही फुटबॉल क्लब लोकांना या म्हणत होते. आमचा आणि मोठ्यांचा एच. एस. व्ही., दोन्ही क्लब, हे ऐकून गोदीबाबांना जास्त आश्चर्य वाटलं. “एच. एस. व्ही.वालेसुद्धा? म्हणजे प्रकरण गंभीर आहे.” त्यांना स्वतःला जाता येणं शक्यच नव्हतं. मी म्हणाले, मी परदेशी, माझे कागद अजून पक्के नाहीत, फोटोबिटो निघाला तर? ते म्हणाले, “शांतपणे उभं राहायला इथं परवाना लागत नाही. आणि तू नाही गेलीस तर माझ्या जागी कोण उभं राहणार? माझी जागा कधी रिकामी राहिलेली नाही.”

असं म्हटल्यावर काय करणार. सकाळची पाळी संपवून मलप्पुरमची आणि मी निघालो.

मी गावात रास्ता रोको पाहिलेत. टी पॉइंटवर टायर, दोन बैलगाड्या, एक माइक, उसाच्या ट्रॉल्यांची रांग, आणि पुढाऱ्याचं भाषण लांबलं की सावली बघून बसलेली माणसं. तिथं प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, फौजदारही. इथं कुणी कुणाला ओळखत नव्हतं. गाडीतून उतरलो ते थेट गर्दीतच. थंडीनं नाक बधिर. पुठ्ठ्यावर हातानं लिहिलेल्या पाट्या; शाळेच्या वहीच्या पुठ्ठ्यापासून ते टीव्हीच्या खोक्यापर्यंत. आमच्या पुढं सत्तरीच्या बायकांचा घोळका होता. ‘उजव्यांविरुद्ध आज्या’ अशी त्यांची खरोखरची संघटना आहे. त्यातल्या एकीनं पिशवीतून थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि न विचारता माझ्या हातात दिला. माझी आजी वारीत अनोळखी माणसाला अशीच भाकरी द्यायची, चेहरा न बघता.

मग घोषणा सुरू झाली. “नात्सी राऊस.” पन्नास-साठ हजार घशांतून. तोच शब्द. चार दिवसांपूर्वी माझ्यावर टाकलेला. सगळे हात वर करून ओरडत होते आणि माझ्या तोंडातून तो निघेचना. मी त्या लोकांच्या बाजूची होते, मला तो शब्द कुणासाठी आहे हे कळत होतं, तरी. मलप्पुरमची जोरात ओरडत होती. मी आजीबाईंच्या थर्मासचं झाकण धरून गप्प उभी राहिले. अजूनही मी ती एक घोषणा देत नाही. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. “मी तरी कुठं ओरडतो. मी उभा राहतो.”

गर्दी इतकी झाली की धोका नको म्हणून सभा वेळेआधीच संपवावी लागली. पोलीस म्हणाले पन्नास हजार, संयोजक म्हणाले ऐंशी हजार. आकडा तिथंही जुळत नाही, हे बघून मला गावाची आठवण आली.

आणि गावाचाच फोन आला. ट्रेनमध्ये होते. भाऊ होता. “ताई, उद्या सकाळी निघायलो आम्ही. अंतरवालीहून. पायी मुंबई.” २० जानेवारीला निघालेली ती पदयात्रा. त्याचा आवाज लग्नाच्या वरातीतल्यासारखा. मी सांगितलं की मीपण आत्ता मोर्चातूनच आले. “तू? कशाच्या?” मला दोन मिनिटांत सांगता येईना. म्हणाले, इथं काही लोक म्हणतेत बाहेरच्यांनी परत जावं, त्याच्या विरोधात. तो म्हणाला, “मंग तू येतीस का परत?” मायनं मागून फोन ओढून घेतला.

पुढच्याच महिन्यात बातमी वाचली की महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी करार केला, दहा हजार कुशल माणसं पाठवायचा. एक हात या म्हणतोय, एक जा म्हणतोय. मी त्या बातमीचा कागद वॉर्डातल्या फळ्यावर लावला. अनुभवी सिस्टरनंच त्याला पिन दिली.

१२ मे २०२४. रविवार, माझी दुपारची पाळी. बाबा भरती. मिलर्नटोअरवर ओस्नाब्रुकशी सामना. जिंकलं की तेरा वर्षांनी वरच्या गटात. त्यांनी उशाशी छोटा रेडिओ लावला आणि मला बजावलं की मध्यंतरापर्यंत रक्तदाब, साखर, काहीही नाही. मी म्हणाले, डॉक्टर रागावतील. ते म्हणाले, डॉक्टर कुठल्या क्लबाचा आहे ते विचार. पहिल्या गोलाला त्यांची नाडी एकशे अठरा. मी त्यांचं मनगट धरून बसले होते. घड्याळाकडं बघत मोजत होते की सामना ऐकत होते, हे सांगणं कठीण. ३-१. शिट्टी झाल्यावर ते ओरडले नाहीत. नळी सरळ केली आणि म्हणाले, “आता पुढच्या वर्षी वर्ग राखायचा.” पाच सेकंदही आनंद नाही, लगेच पुढची काळजी! शेतकऱ्याचं असंच असतं. पाऊस पडला की दादा म्हणतात, आता उघडला म्हणजे बरं.

त्या वर्षी क्लबाला पैशांची नड होती. मोठा मालक शोधायचा नाही, हे त्यांचं ठरलेलं. मग त्यांनी सहकारी संस्था काढली आणि स्टेडियमचा मोठा हिस्सा तिच्याकडं द्यायचं ठरवलं. २०२४ च्या नोव्हेंबरपासून शेअर विक्री. एक शेअर साडेसातशे युरोचा, वर खर्चाचे शंभर. कितीही शेअर घ्या, मत एकच. बाबांनी हे मला फार अपूर्वाईनं समजावून सांगितलं. मी म्हणाले, बाबा, हे मला सांगू नका. आमच्याकडं साखर अशीच बनते.

रविवारी दादांना फोन केला. आमच्या भागातला समर्थ कारखाना अंकुशनगरला. त्याचा शेअर आमच्या आजोबांनी घेतला होता. तो कागद अजून मायच्या ट्रंकेत आहे, लग्नाच्या शालूखाली. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि खरा प्रश्न विचारला.

“सभासदाला साखर देतेत का?”

“दादा, मैदान हाय ते.”

“मंग डिव्हिडंड?”

“तोही नसल्यातच जमा.”

“मंग देतेत काय?”

मी विचार केला. “सभेला बोलावतेत.”

“तेवढं तर इथंही बोलावतेत,” दादा म्हणाले.

मला तेव्हाच कुठंतरी वाचायला मिळालं की आपल्याकडचा १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा ज्या नमुन्यावर बेतला, तो जर्मनीतल्या राइफायझनच्या पतपेढ्यांचा. तिथून निघून प्रवरानगरला विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळांच्या हाती साखर झाला, मग आमच्या जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली आला. मी तो माल परत त्याच्या गावी नेत होते, इतकंच.

शेअर मी घेतला, पण लगेच नाही. जर्मनीला येताना एजंटासाठी काढलेलं कर्ज फिटत होतं, भावाच्या पिकअपचा हप्ता मी भरत होते. २३ फेब्रुवारी २०२५ ला देशाची निवडणूक झाली. ए. एफ. डी. २०.८ टक्क्यांवर, दुसऱ्या नंबरला. दुसऱ्या दिवशी वॉर्डात कुणी त्यावर बोललं नाही. सगळ्यांनी ट्रॉल्या जरा जास्तच आवाज करत ढकलल्या. शेअर त्यानंतर घेतला खरा, पण निवडणुकीचा आणि त्याचा संबंध जोडू नका, ओव्हरटाइमचे पैसे तेव्हा आले. एकवीस हजारांहून जास्त सभासद झाले आणि त्यांतली एक मी, मुक्काम पोस्ट कुंभार पिंपळगाव. मे महिन्यात हंगाम संपला तेव्हा क्लबानं चौतीस सामन्यांत जेमतेम अठ्ठावीस गोल केले होते. बत्तीस गुण. चौदावा नंबर. वर्ग राहिला. बाबा तेव्हा घर सोडून वृद्धाश्रमात गेले होते, त्यांनी पुतणीच्या फोनवरून एकच शब्द पाठवला, “चौदा!!” दोन उद्गारचिन्हांसह. आयुष्यात इतकं समाधान मी पहिल्या नंबराच्या माणसाच्या तोंडावर पाहिलेलं नाही. त्याच महिन्यात मोठ्यांचा क्लब, एच. एस. व्ही., खालून वर आला, म्हणून ही गच्चीवरची रात्र. वरच्या गटात हे दोघं २०११ नंतर पहिल्यांदा समोरासमोर.

एकोणिसाव्या मिनिटाला आमचा गोल झाला. मी तोंडावर हात दाबला. दादा म्हणाले, “वरड की, कोण हाय इथं?”

खरंच कुणी नव्हतं. समोरच्या घराकडं मात्र माझी नजर गेली. तिथं माझी शाळेतली मैत्रीण राहते. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर, एका डब्यात जेवलेल्या. २०२४ च्या जूनमध्ये वडीगोद्रीला ओबीसींचं उपोषण झालं, तेव्हा ती तिथं बसून आली होती. या खेपेला मी आल्या दिवशी तिच्याकडं गेले, तर चहा झाला, पोरांचं झालं, पण मध्ये काहीतरी अंथरल्यासारखं. उठताना म्हणाली, “तुझा भाऊ मागच्या वेळी टपरीवर बोलला. मग मला बघून म्हणला, तुमच्याबद्दल न्हाई म्हणत वहिनी.”

मला कॉफीचा वास आला. हॅम्बर्गच्या.

भावाची बाजू मला कळते. दोन एकर कोरडवाहू, पोराची फी, आणि २०२३ च्या १ सप्टेंबरला अंतरवालीत पडलेल्या लाठ्या त्यानं डोळ्यांनी पाहिल्यात. हिचीही कळते, तिच्या पोरीची जागा जाईल असं तिला वाटतंय. हॅम्बर्गच्या त्या पक्षाला आणि माझ्या गावच्या लोकांना मी एका मापात घालत नाही. घालणाऱ्यावर मी चिडेन. पण ‘तुझ्याबद्दल नाही’ हे वाक्य मात्र तेच आहे, आणि ते ऐकणाऱ्याला कसं लागतं, हे आमच्या घरात मला एकटीलाच माहीत होतं. तळ्याकाठी हजारो अनोळखी लोकांत उभं राहणं मला जमलं होतं. इथं गल्ली बारा फुटांची आहे आणि मला ती ओलांडून काय बोलावं ते सुचेना. मी फक्त म्हणाले, लक्ष्म्यांच्या जेवणाला ये. ती म्हणाली, बघते.

साठाव्या मिनिटाच्या आसपास फोनवरचं चित्र थिजलं. एक माणूस पाय उचललेला, चेंडू हवेत, आणि गोल गोल फिरणारी चकती. दादांनी फोन हातात घेऊन टाकीच्या वर धरला. परत चालू झालं तेव्हा २-० होतं. तो गोल मी अजून नीट पाहिलेला नाही. शेवटच्या शिट्टीला दीड-दोन वाजले असतील. लगेच बाबांचा आवाजी निरोप आला. मध्ये दम, मध्ये नळीची शिट्टी. म्हणत होते, शांत राहा. २०११ च्या फेब्रुवारीतही आपण त्यांना त्यांच्याच मैदानावर हरवलं होतं. त्यानंतर त्या हंगामात एकही सामना जिंकलो नाही, आणि उतरलो.

दादांना भाषांतर करून सांगितलं. ते म्हणाले, “शहाणा माणूस हाय. शेती हाय का त्याला?”

एक तारखेला लक्ष्म्यांचा नैवेद्य. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबिल. मैत्रीण आली, उशिरा, पोरीला घेऊन, पण आली. मायनं तिची ओटी भरली. आंदोलनावर कुणी बोललं नाही. दोन तारखेला इकडं विसर्जन आणि तिकडं आंदोलनाच्या मागणीप्रमाणं हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघून उपोषण सुटलं. तीन तारखेला सकाळी भाऊ आला. डोळे लाल, आवाज बसलेला, पिकअपमध्ये रिकामे डबे खडखडत. अंघोळीआधीच पायरीवर बसून चहा मागितला.

“जीआर निघाला,” तो म्हणाला. “तुमचं काय झालं गं त्या रात्री? दादा फोनवर म्हणत होते.”

“दोन-शून्य. जिंकलो.”

“मंग झालं की.”

“अजून बत्तीस सामने राहिलेत.”

त्यानं चहा संपवला, कप पायरीवर ठेवला आणि समोरच्या दाराकडं बघत म्हणाला, “त्या आल्त्या का जेवायला?”